भटू सरांचा रुमाल

नंदुरबारहून शहाद्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक गृहस्थ बसलेले असायचे आणि त्यांच्या शेजारी एक रुमाल बसलेला असायचा. रुमाल मोठा, निळ्या चौकड्यांचा, घडी न विस्कटलेला. बस भरत यायची, लोक मागच्या चाकावरच्या उडणाऱ्या बाकापर्यंत जाऊन बसायचे, तरी रुमाल आपला निवांत. मग कुणीतरी धीर करून विचारायचं, "जागा शे का?" की हे गृहस्थ लगेच रुमाल उचलायचे, खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "बठा, बठा. तुमनाकरताच धरेल व्हती."

विचारणाऱ्याला ते त्याआधी जन्मात कधी भेटलेले नसायचे.

रुमाल टाकून जागा धरणं आम्हाला नवीन नाही. खिडकीतून टोपी टाकावी, पिशवी टाकावी, अगदीच वेळ आली तर पोरगं आत सोडावं. या विद्येत आमच्या खान्देशाचा हात कुणी धरणार नाही. पण जागा धरायची ती आपल्या माणसासाठी. जो येईल त्याच्यासाठी जागा धरणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. ते भटू सर.

सर शहाद्याशेजारच्या लोणखेड्याला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी तिथे ग्रंथपाल. दोघांचीही घरं नंदुरबारला, त्यामुळे वर्षानुवर्षं आमचं एकाच बसनं अप-डाऊन. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी धापा टाकत बसमध्ये चढले, तर हे रुमाल उचलून म्हणतात, बठा ताई, तुमनाकरताच धरेल व्हती. मला वाटलं, प्राचार्यांनी सांगितलं असेल, नवीन बाई येताहेत, जरा बघा. संध्याकाळी घरी नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की कॉलेजातली माणसं फार चांगली आहेत, मला जागा धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी बघते तर तोच बाक, तोच रुमाल, तेच वाक्य, आणि शेजारी कोण, तर कोंबड्यांची डालगी मांडीवर घेतलेला एक इसम. माझा तोरा तिथेच उतरला.

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. ग्रंथपाल झाल्यापासून ती वाढली, कारण आमच्या ग्रंथालयात पुस्तक मागायला फारसं कुणी येत नाही आणि माणसाला काहीतरी उद्योग लागतो. म्हणून आठवडाभरानं मी सरांना विचारलंच, की हा रुमाल नेमका कुणासाठी असतो? सरांनी खिशातून पेन काढलं, तिकिटाच्या मागच्या बाजूला शेंगेसारखं काहीतरी काढलं, शेंगेला एक खाच दाखवली आणि म्हणाले, "पहिले आकार देखा, ताई. मंग काम समजस."

हे त्यांचं दुसरं वाक्य. कुलूप पाहिलं तरी तेच, इडलीपात्र पाहिलं तरी तेच, लग्नाच्या पंगतीत वाढप्याची पळी पाहिली तरी तेच. वरण सांडलं तर चूक वाढप्याची नाही, पळीच्या आकाराची. त्यांच्या या सवयीपायी एका लग्नात वधूपित्यानं पळ्या बदलल्या होत्या म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

सरांच्या डोक्यात जागेपणी आणि बहुधा झोपेतही एकच विषय असायचा, तो म्हणजे विकर. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. सरांनी हा शब्द इतका वापरला की पोरं त्यांना विकर सर म्हणू लागली, आणि गावानं त्या विकराचा विकार करून टाकला. आमच्या बसचा कंडक्टर दोन वर्षं असं समजून होता, की सरांना काहीतरी विकार आहे आणि म्हणून त्यांना पुढचाच बाक लागतो. वाटेवरच्या प्रकाशा गावच्या एका म्हातारीनं तर त्यांच्यासाठी दंडाला बांधायला मंतरलेला दोरा आणला. सरांनी तो बांधूनही घेतला. मी हसले तर म्हणाले, "ती इतली लांबथीन लई उनी, नही कसं म्हनू?" महिनाभर तो दोरा दंडावर मिरवला, आणि मग प्रथिनाची साखळी कशी वळते ते वर्गात दाखवायला वापरला.

विकर म्हणजे काय ते मला कळलं मिरचीच्या पथारीवर. हिवाळ्यात आमच्याकडे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात आणि बाया ओळीनं बसून त्यांचे देठ खुडत असतात. एकदा आमची बस नेमकी तिथेच पंक्चर झाली. बाकीचे लोक नाकाला पदर लावून लांब उभे राहिले. सर मला थेट एका बाईसमोर घेऊन गेले. बघा, म्हणाले, मिरची हातात आली, अंगठा आणि बोट देठाशी बसलं, टच, देठ वेगळा, मिरची वेगळी, आणि हात पुन्हा मोकळा. हात झिजला का? नाही. ही बाई नसती तर देठ सुटला नसता का? सुटला असता, वाळून वाळून, सावकाश. हात फक्त ते काम झपाट्यानं करवतो आणि आपण होता तसाच राहतो. विकर म्हणजे एवढंच.

मला वाटलं, सोपं आहे. मी एक मिरची उचलली आणि खुडली, तर ती मधोमध मोडली आणि बिया माझ्या बोटांवर. दुसरीचंही तेच झालं. त्या बाईनं माझा अंगठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं, त्यावर सगळी ओळ हसली. सर मात्र खूश झाले. हात हातच, पण बोटांची ठेवण निराळी, म्हणून काम निराळं. पुढे बस निघाल्यावर मी नकळत डोळा चोळला आणि शहादा येईपर्यंत ढसाढसा रडत होते. शास्त्रासाठी मी सोसलेला त्रास तो एवढाच.

सरांचं लाडकं विकर मात्र एकच, पेनिसिलिनच्या बुरशीतलं. त्याचं नाव एवढं लांब आहे की ते पूर्ण होईपर्यंत प्रकाशाचा पूल मागे पडतो. पण काम मोठं गमतीचं. ही बुरशी आधी तीन मणी एका दोऱ्यात ओवते. मणी म्हणजे अमिनो आम्लं. हा दोरा सैल, लुळा, त्यानं काही जंतू मरत नाही. मग तो या विकराच्या खाचेत शिरतो. खाचेच्या तळाशी लोखंडाचा एकच अणू, तीन बाजूंनी धरून ठेवलेला. दोरा ठराविक पद्धतीनं वाकूनच बसू शकेल अशी ती खाच आहे, इकडेतिकडे हलायला वावच नाही. मागोमाग प्राणवायू येऊन लोखंडावर बसतो, दोऱ्यातले चार हायड्रोजन घेतो, स्वतःचं पाणी करून घेतो आणि जाता जाता दोऱ्याला दोन गाठी पडतात. आधी चौकोनी, मग पंचकोनी. सगळी करामत त्या चौकोनी गाठीची. अणूंना इतक्या आखूड चौकोनात बसायला आवडत नाही, ते अवघडून बसतात आणि सुटायची संधी बघतात. ती गाठ उघडते ती जंतूची भिंत बांधणाऱ्या विकराच्या अंगावर, आणि त्याला कायमची चिकटते. भिंत अर्धी राहते आणि जंतू फुटतो. एका खाचेच्या आकारावर हे एवढं सगळं उभं आहे, हे कळल्यावर मलाही दोन दिवस चैन पडली नाही.

आणि यातच त्या रुमालाचं उत्तर होतं. खाच रिकामी असते तेव्हा ते लोखंड उघडं राहत नाही. विकर आपलीच शेपटी वळवून तिचं टोक लोखंडाला टेकवून ठेवतं. तीन मण्यांचा दोरा आला की शेपटी बाजूला सरते आणि पाहुण्याला जागा देते. "विकर बी रुमाल टाकस, ताई," सर म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू त्यांच्या घरातल्याच कुणी बक्षीस मिळवलं आहे. मला वाटलं, कोडं सुटलं. शास्त्राचा माणूस, जे डोक्यात भरलं ते अंगात उतरलं. मी तो विषय मनातून काढून टाकला.

सरांनी मात्र या विकराचं मॉडेल करायला घेतलं. अकरा वर्षं लागली. सायकलच्या स्पोका, पंप दुरुस्तीवाल्याकडून आणलेली तांब्याची तार, आठवडे बाजारातले रंगीत मणी, आणि मधोमध लोखंडाच्या अणूच्या जागी ट्रॅक्टरचा एक नट. उंची माझ्या कमरेइतकी, आकार चेपलेल्या टोपलीसारखा. सात वर्षांत बाकी सगळं झालं आणि शेपटीनं चार वर्षं खाल्ली. स्प्रिंगची केली तर ती ताठ, पाहुणा आला तरी उठेना. सायकलच्या ट्यूबची केली तर पाहुणा यायच्या आतच उठून बसली. शेवटी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक नटाखाली बसवलं, मण्यांच्या दोऱ्यालाही एक बसवलं, आणि शेपटी सरकली. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत होते. सरांनी दोरा खाचेत सोडला, शेपटी हळूच नटावरून उठून बाजूला झाली, आणि सरांनी दोरा बाहेर काढून पुन्हा सोडला, पुन्हा काढला, पुन्हा सोडला.

तेव्हापासून त्या प्रयोगशाळेत किल्ल्या हातात धरून जायची सोय राहिली नाही. एकदा प्राचार्य वाकून बघायला गेले तर त्यांच्या चष्म्याची दांडीच नटाला चिकटली. सरांनी ती अलगद सोडवून दिली आणि म्हणाले, चुकीचा पाहुणा आला सर, खाचेनं घेतला नाही.

प्राचार्य मनात ठेवणारे नव्हते. पण सरांच्या निवृत्तीला महिना उरला आणि ठरलं, की ती प्रयोगशाळा रिकामी करून तिथे संगणक बसवायचे. जुन्या काचा, स्टँड, मोडके तराजू भंगारात जाणार होते. मॉडेलचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या कॉलेजात वस्तूला जागा मिळते ती नावामुळे. पंख्यावर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, पाण्याच्या टाकीवर तमुक यांच्याकडून सप्रेम, बाकांच्या पाठीवर तर सबंध घराणी. मॉडेलवर कुणाचंच नाव नव्हतं, त्यामुळे ते कुणाचंच नव्हतं.

सर एका दुपारी ग्रंथालयात आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि विचारलं, "एक कोपरा भेटी का, ताई?"

मी म्हटलं, "जागा नाही हो, सर."

हे खोटं होतं, ते आत्ताच सांगून टाकते. खिडकीजवळ एक मोठं गोल टेबल होतं. त्याच्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे होते, ज्यांना मी आले तेव्हापासून उंदरांखेरीज कुणी हात लावलेला नव्हता. पण मॉडेल आलं की पोरं गोळा होणार, मणी तोडणार, गलका करणार, आणि सगळ्यांच्या किल्ल्या सोडवत मी बसणार. मला ती कटकट नको होती. सर "बरं" म्हणाले आणि गेले. त्यांचा एक स्वभाव होता, गोष्ट दुसऱ्यांदा मागायची नाही.

निवृत्तीला आठ दिवस राहिले तेव्हा शिपायानं भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं. शनिवारी संध्याकाळी मी शहाद्याच्या स्टँडवर बसमध्ये चढले तर तिसऱ्या बाकावर सर खिडकीशी, आणि त्यांच्या मांडीवर ते अख्खं मॉडेल. स्पोका त्यांच्या हनुवटीला टोचत होत्या. शेपटी शेजारच्या बाकावर आडवी लोंबत होती. आणि तिच्या बरोबर खाली, बाकावर, रुमाल.

घरी नेताय का, मी विचारलं. हो म्हणाले. घरात जागा आहे का? नाही म्हणाले, सौ. म्हणते हे आलं तर मी माहेरी जाते, पण माहेरी आता कुणी नाही, म्हणून आणतोय. मी पलीकडच्या बाकावर बसले. माझं मन मला खात होतं आणि ते लपवायला मी जरा चिडूनच म्हटलं, की सर, एवढं ओझं मांडीवर कशाला, शेजारी ठेवा ना, तिथे कोण बसलंय?

"ती जागा मानसनी शे," सर म्हणाले.

कंडक्टरनं येऊन मॉडेलकडे पाहिलं आणि याचं अर्धं तिकीट लागेल म्हणाला. मग स्वतःच हसला आणि पुढे गेला.

प्रकाशाला एक बाई चढली. डोंगराकडची, पावरा आदिवासी असावी, साठीची, डोक्यावर मोठं गाठोडं. तिनं बाकांकडे एकदा नजर टाकली आणि सवयीनं दाराजवळ, खाली, गाठोड्याला टेकून बसायला लागली. सरांनी मॉडेल एका हातानं सावरलं, दुसऱ्या हातानं रुमाल उचलला आणि तिला हाक मारली. "इकडे बठा, माय. तुमनाकरताच धरेल व्हती."

ती बिचकली. बाकाच्या अगदी कडेला टेकली. पुलाच्या सुरुवातीला बस दणकन आदळली आणि शेपटी जोरात हलली. तुटणार असं मला वाटलं. त्या बाईनं काही न विचारता ते टोक हातात धरलं, आपल्या मांडीवर घेतलं आणि वरून दोन्ही हात ठेवले. तशीच बसून राहिली, समोर बघत, तिचं मूल असावं तसं धरून.

सर तिच्या मांडीकडे बघत होते. मग त्यांनी रुमाल काढला आणि तोंडावर धरला. इतक्या वर्षांत तो रुमाल मी रुमाल म्हणून वापरलेला पहिल्यांदा पाहिला.

नंदुरबारच्या स्टँडवर सर तिच्यामागे उतरले, तिला काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी सांगितलं, आणि ती रेल्वे स्टेशनच्या वाटेनं निघून गेली. आम्ही मॉडेल चहाच्या टपरीच्या बाकावर ठेवलं. चहा आला. मग मी न विचारता त्यांनी सांगितलं.

ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण पाय सुजला, पिकला, आणि लाल रेघ गुडघ्याच्या वर चढली. गावच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजच्या आज धुळ्याला न्या, तिथे पेनिसिलिनच्या सुया मिळतील. वडील परगावी होते. आईनं पोराला कडेवर घेऊन शहाद्याचं स्टँड गाठलं. बाजाराचा दिवस होता, बस अशी भरलेली की पाय ठेवायला जागा नाही. पुढची गाडी कधी, ते कुणी सांगेना. आई तापानं फणफणलेलं पोर घेऊन दारात उभी. आणि एका बाकावर डोंगराकडची एक बाई बसलेली, शेजारी तिचं गाठोडं. तिचा नवरा टपावर टोपल्या चढवत होता, त्याच्यासाठी तिनं जागा धरली होती. आजूबाजूचे लोक तिच्यावर ओरडत होते, गाठोडं उचल, गाठोडं उचल. ती कुणाचं ऐकत नव्हती. मग तिनं सरांचा पाय पाहिला. गाठोडं उचलून पायाशी घेतलं आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, बठ बाई, तुन्हाकरताच धरेल व्हती.

तिचा नवरा धुळ्यापर्यंत दांडीला धरून उभा होता. सरांचं डोकं आईच्या मांडीवर आणि सुजलेला पाय त्या बाईच्या मांडीवर. प्रत्येक धक्क्याला ती पायाखाली हात घालून तो वर उचलून धरायची. सरांना तिचा चेहरा आठवत नाही. हात आठवतात.

"औषध धुळाले तयार व्हतं, ताई," सर म्हणाले. "पन तठलोंग जावाले जागा जोयजे ना."

पाय वाचला. आठ-दहा दिवसांनी मायलेक घरी आले. सर चहाचा कप फिरवत राहिले, आणि मग खाली बघत म्हणाले, "घर उनी तशी मायनी लुगडं धुई टाकं. त्या बाईना हात लागेल व्हता म्हनीसन. आन् नाव बी नही इचारं."

त्या काळी आमच्याकडे हे असंच होतं, आणि त्या काळीच होतं असं म्हणायची माझी छाती नाही. म्हातारपणी सरांची आई खाटेवर पडून होती, तेव्हा बाकी सगळं विसरली, पण हे विसरली नाही. नाव तरी विचारायला पाहिजे होतं रे, मरेपर्यंत म्हणायची. सर तिला म्हणायचे, भेटली की विचारतो. त्यासाठी रुमाल. ती बाई आता असली तर नव्वदीच्या पुढची असेल, हे सरांना कळत होतं. ती कुठल्या गावची, कुठल्या पाड्यावरची, काही माहीत नाही, हेही कळत होतं. पण बसमध्ये ती चढलीच आणि जागा नसली तर काय, एवढं त्यांच्या मनातून जात नव्हतं. पुढे नोकरीत काही वर्षं गेल्यावर कुठल्या तरी झेरॉक्सवर त्यांनी ते विकर पाहिलं, पाहुणा येईपर्यंत लोखंडावर शेपटी टेकवून जागा धरणारं, आणि ते पाहताच हेच आपलं विकर, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी समजत होते त्याच्या नेमकं उलट होतं सगळं. आधी रुमाल होता, विकर नंतर आलं.

"आज इचारं मी," सर म्हणाले. "ठुमलीबाई. पन हाई ती नही."

मी घरी गेले, पण जेवण गेलं नाही. एकच गोष्ट सारखी डोक्यात येत होती. ती बाईही खोटं बोलली होती आणि मीही. जागा नवऱ्यासाठी धरलेली असताना तिनं सांगितलं, तुझ्यासाठीच आहे. जागा रिकामी पडलेली असताना मी सांगितलं, नाही. मला माझी लाज वाटली, अगदी सरळ लाज.

रविवार असूनही मी सकाळच्या बसनं लोणखेड्याला गेले, शिपायाला घरून बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे माळ्यावर टाकले. उंदरांची तीन घरं मोडली. टेबल पुसलं. मग त्याच्यावर टाकायला रुमाल काढला तर तो एवढासा, त्या टेबलावर टिकलीएवढा दिसायला लागला. म्हणून डब्याचा नॅपकिन पसरला, वरणाचा डाग खालच्या बाजूला करून. आणि सरांना फोन केला, की उद्या येताना मॉडेल घेऊन या.

सोमवारी सर आले. दारातच थांबले. मॉडेल शिपायाच्या हातात दिलं आणि टेबलाजवळ येऊन त्या नॅपकिनकडे बघत राहिले.

"कोनाकरता धरेल शे?" त्यांनी विचारलं.

"तुमनाकरताच धरेल व्हती, सर."

सरांना माहीत होतं की मी खोटं बोलते आहे. त्यांनी नॅपकिन उचलला, नीट घडी घातली, डाग आतल्या बाजूला गेला हे पाहिलं आणि माझ्या हातात दिला. मॉडेल टेबलावर बसलं तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत शिपायाच्या किल्ल्यांचा जुडगा नटाला चिकटला, आणि सर तो सोडवायला वाकले.

आता त्याच्यावर नाव टाकणं भाग होतं, नाहीतर उद्या दुसऱ्या प्राचार्यांनी ते पुन्हा काढलं असतं. मी म्हटलं, तुमचं टाकते. नको म्हणाले. आईच्या स्मरणार्थ टाकू का? सरांनी नटावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, स्मरणार्थ नको, ती जिवंत बी आसी. कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

सर निवृत्त झाले. महिन्यातून एकदा येतात आणि मण्यांवरची धूळ त्याच निळ्या चौकड्यांच्या रुमालानं पुसून जातात. मी बसमध्ये रुमाल टाकत नाही. मला अजून तेवढं जमत नाही, मी खिडकीशी बसते आणि पर्स शेजारी ठेवते. फक्त कुणी विचारलं की आता पटकन उचलते.

मॉडेलच्या पायाशी पत्र्याची पट्टी आहे. वर विकराचं ते लांबलचक नाव, खाली "यांच्याकडून सप्रेम भेट", आणि "यांच्याकडून"च्या आधी एका नावापुरती कोरी जागा. रंगाऱ्यानं दोनदा विचारून घेतलं होतं, की हे असंच सोडायचं का. दर वर्षी नवीन पोरं येतात, मणी मोजतात, शेपटी हलवून बघतात, आणि त्यातलं एखादं माझ्या टेबलाशी येऊन सांगतं, मॅडम, तिथे नाव टाकायचं राहून गेलं आहे.

मी म्हणते, राहिलेलं नाही. जागा धरेल शे.